हातभर वाळू

घोड्यांच्या क्लबात दोन गोष्टींचे ढीग साचतात, लीद आणि किस्से. लीद निदान रोज उचलतात.

इंग्रज गेले आणि मैदानाजवळचा आमचा क्लब हौशी मंडळींच्या हाती आला. बँकेने माझी कलकत्त्याला बदली केलेली. इंग्रजी बरं लिहितो, एवढ्यावर मी कमिटीत. घोड्यावर कधी बसलो नव्हतो, पण कमिटीत तसा मी एकटा नव्हतो!

उघड्या रिंगणात नवी जमीन करायची होती. स्वारांना ती मऊ हवी, पडलं तरी लागू नये म्हणून. घोडागाडीला घट्ट हवी, चाकं रुतू नयेत म्हणून. गाडीवाले एकटे बापूसाहेब पेंडसे, जन्माने कलकत्तेकर. त्यांच्या चंपा घोडीचा पुढचा पाय एकदा दुखावला होता. "पुन्हा ताण बसला तर तिला गोळी घालावी लागेल हो," ते मला म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

*

पहिला नमुना सुरखीचा, म्हणजे विटांच्या लाल चुऱ्याचा. रोलर फिरवल्यावर झकास बसली. पण आमचे अध्यक्ष लाहिरी बॅरिस्टर, त्यांची घोडेस्वारीची पांढरी ब्रीचेस लाल झाली. सुरखी नामंजूर. कमिटीने धोब्याचा विचार केला, चंपाचा नाही.

*

मग वाळू. अध्यक्ष पंप शूज घालून तिच्यावर चालून आले. "गालिचा आहे, गालिचा!"

"साहेब, तुमच्यामागे गाडी जोडलेली नव्हती," बापूसाहेब म्हणाले.

*

फोर्ट विल्यममधून एका मेजरांना सल्ल्याला बोलावलं. "खाली खडी घट्ट दाबा, वर दोन बोटं वाळू," असं सांगून, चहा पिऊन ते गेले. मग चर्चा रंगली. दोन बोटं चांगली, तर हातभर किती चांगली! खडी रद्द झाली. बापूसाहेब सोडून सगळ्यांचे हात वर, माझासुद्धा.

*

उद्घाटनाला मंत्री आले, बापूसाहेबांच्या गाडीतून. गाडी कडेलाच थांबेल, अशी बापूसाहेबांची अट होती. मंत्र्यांना आत फेरी मारावीशी वाटली, आणि अध्यक्षांनी लगाम धरून चंपाला आत ओढलं. चार पावलांत चाकं रुतली. चंपाने एक हिसका दिला आणि तिचा तो पाय थरथरू लागला.

बापूसाहेब उतरले. तिला सोडवून झाडाखाली नेलं.

"अहो, मंत्रीमहोदय आत बसलेत," अध्यक्ष म्हणाले.

"बसू देत. ज्यांनी हात वर केले, त्यांनी ओढावी."

सुटाबुटातली कमिटी गाडीला लागली. पुढे अध्यक्ष, मागून मी. मंत्र्यांनी वाकून विचारलं, "जमीन कशी झाली आहे?"

घोटाभर वाळूत अध्यक्षांना धाप लागली होती. "घोड्यांसाठी उत्तम आहे, सर."