भरत्या तळ्यातलं घरटं

होसकोट्याचं आमचं तळं भरून सांडव्यावरून वाहावं, म्हणून सासूबाई देव पाण्यात घालून बसल्या होत्या. आणि त्याच घरात मी, पाणी वीतभर खालीच थांबावं म्हणून जीव टांगणीला लावून. तळं वाहिलं की इथल्या बायका काठावर जाऊन बागिन सोडतात. सुपात खण, बांगड्या, हळदकुंकू ठेवायचं, वर दुसरं सूप झाकायचं आणि पाण्यावर सोडून द्यायचं. कित्येक वर्षांत तसा योग आला नव्हता.

माझा जीव अडकला होता शेकाट्यांत. तळं आटलं की मधला चिखल उघडा पडतो आणि लांब लाल पायांचे हे पक्षी तिथे किडे टिपायला येतात. पाणी चढलं की चिखल जातो, त्याबरोबर तेही जातात, मग पाणकावळ्यांचं राज्य. यंदा एका जोडीने चिखलातल्या उंचवट्यावर फार उशिरा घरटं केलं. चार अंडी. मी रोज काठावरून दुर्बिणीने बघायचे आणि जेवताना सगळ्यांचं डोकं खायचे.

मग वरची तळी भरली आणि पाणी आमच्याकडे वळलं. जोडी काड्या, गवत ओढून अंड्यांखाली सारू लागली. घरटं बोटभर वर यायचं, तोवर पाणी दोन बोटं चढलेलं असायचं. मदतीला जावं तर गाळात माणूस रुतणार, आणि जरा जवळ गेलं तरी दोघं अंडी उघडी टाकून डोक्यावर किंचाळत फिरणार.

"आई, तुमच्या देवाला जरा दमानं घ्यायला सांगा ना!" मी चिडून म्हटलं.

"अगं, बोअरवेल कोरडी पडली ते बघ स्वल्प, जरा तरी. पक्षी काय, परत घालतील अंडी."

त्यांचं चूक नव्हतं, म्हणून तर मला जास्तच राग आला.

शुक्रवारी सकाळी सांडवा वाहू लागला. काठावर बायका जमल्या. सासूबाईंनी नवी साडी नेसली होती, चेहरा फुलला होता. त्यांनी सूप माझ्या हातात दिलं. मी समोर पाहिलं. घरटं दिसेना. मादी त्याच जागी पाण्यात उभी होती. पाय दुमडून बसायला जायची, पोटाला पाणी लागलं की उठायची. पुन्हा बसायची.

माझे हात पुढे होईनात. सासूबाईंनी माझ्या नजरेच्या रोखाने पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं.

"थांबा गं सगळ्या," त्या म्हणाल्या. "आधी ती जाऊ दे."

आम्ही सुपं धरून उभ्या राहिलो. ती जाईना.