नियम अकरावा : 'स्वमुखाने'

अन्याय झाला तो तापीबाई सोमा पाटील यांच्यावर. कधी झाला तेही सांगतो. गेल्या जूनमध्ये आमची शाळा उघडली त्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. ऑफिसातल्या घड्याळाकडे मी मुद्दाम पाहिलं होतं. त्या मिनिटाला आमच्या हेडक्लार्कांनी टाक दौतीत बुडवला आणि तापीबाईंच्या मुलाच्या नावापुढे, पित्याच्या रकान्यात, एकच शब्द लिहिला : 'अज्ञात'.

तापीबाईंचा नवरा जिवंत आहे. चांगला धडधाकट आहे. त्या दिवशी तो सावद्याच्या स्टेशनात केळीच्या वॅगनी भरत होता. मुलाच्या प्राथमिक शाळेच्या दाखल्यावर त्याचं नाव ठळक अक्षरांत होतं आणि तो दाखला हेडक्लार्कांच्या कोपराखालीच पडला होता. तरीही अज्ञात.

हे कसं घडलं ते सांगायचं तर आधी माझी चूक सांगितली पाहिजे.

धुळ्यातल्या एका हायस्कुलात मी असिस्टंट मास्तर आहे. शाळेचं नाव देत नाही. ज्यांची आहे ते ओळखतील आणि ओळखून गप्प बसतील. मास्तर होण्याआधी मी सभांची हस्तपत्रकं लिहीत असे. रात्री खळ करायची, पहाटे पत्रकं भिंतीवर चिकटवायची, असला उद्योग. ही माझी कीर्ती हेडमास्तरांना ठाऊक होती. मे महिन्यात त्यांनी मला बोलावलं.

"सरकारविरुद्ध पुष्कळ लिहिलंत," ते म्हणाले. "आता जरा शिस्तीच्या बाजूनं लिहा. टर्म सुरू होतेय. पालकांसाठी सूचनापत्रक काढायचंय."

सूचनापत्रक म्हणजे टर्मच्या सुरुवातीला पालकांच्या हाती द्यायचा छापील कागद. वरच्या अर्ध्यात शाळेच्या बातम्या, खालच्या अर्ध्यात नियमांची आठवण. बातम्या तीन होत्या. शाळेने नवी पितळी घंटा आणली आहे. प्रयोगशाळेत काचेच्या सहा बरण्या आल्या आहेत. आणि व्यवस्थापक मंडळाच्या अध्यक्षांची, म्हणजे रावसाहेबांची, तसबीर हॉलमध्ये लावण्यात आली आहे. बरण्यांत घालायला काही आलं नव्हतं, पण ती बातमी नव्हे.

नियम सव्वीस होते. पालकांनी वर्गाच्या खिडकीतून मुलास खाऊ देऊ नये. बैलगाडी फाटकापासून पन्नास पावलांवर सोडावी. बैलांनी हंबरून तासात व्यत्यय आणल्यास जबाबदारी गाडीवानाची. हा बैलांचा नियम हेडमास्तरांनी स्वतः सांगितला आणि सांगताना हसले नाहीत. प्रांतात लोकांनी निवडलेले मंत्री बसून तेव्हा वर्ष होत आलं होतं. आमच्या ऑफिसात ती बातमी अजून पोचली नव्हती.

अकरावा नियम असा होता : 'प्रवेशाचे वेळी पालकाने समक्ष येऊन मुलाच्या पित्याचे नाव सांगावे.' आदल्या वर्षी कोणा एका चुलत्याने बाप म्हणून सही ठोकली होती, त्यावरचा हा उतारा. एवढंच असतं तर निभावलं असतं. पण मला हस्तपत्रकाची खोड. वाक्य फिकं वाटलं. मी 'सांगावे' या शब्दाआधी घातलं : 'स्वमुखाने व स्पष्ट'.

हेडमास्तर खूश झाले. "स्वमुखाने! वा! याला म्हणतात भाषा."

ही भाषा पुढे कोणाच्या मुखावर जाऊन बसेल याचा विचार मी केला नाही. मला लग्नाची बायको नाही, हे कारण म्हणून चालत असेल तर तेवढं एक आहे.

आता जनरल रजिस्टर. शाळेचं हे मुख्य बाड. मुलाचं नाव त्यात एकदाच चढतं आणि पुढे परीक्षेच्या फॉर्मापासून शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत सगळं त्यावरून उतरवलं जातं. यात लिहिलं ते खरं, मूल मागाहून. खाडाखोड करायची तर इन्स्पेक्टरची सही लागते. हेडमास्तरांनी त्यात एक रकाना नवा आखला होता : 'पालकाने सांगितलेले पित्याचे नाव'. तो भरल्याशिवाय प्रवेश पुरा होत नाही. पाच वाजता प्रवेश बंद, आणि राहिलेली जागा वाट पाहणाऱ्या यादीतल्या पुढच्याला.

त्या सोमवारी तापीबाई चार कोस चालून आल्या होत्या. बरोबर मुलगा, निंबा. गावातून इंग्रजी शिकायला निघालेला पहिलाच. मी शेजारच्या टेबलाशी सूचनापत्रकं वाटत होतो.

हेडक्लार्क काशिनाथपंतांनी मान वर न करता विचारलं, "बाई, मुलाच्या बापाचं नाव?"

तापीबाईंनी पदर पुढे ओढला आणि दाखल्याकडे बोट केलं. "त्यामा लिखेल शे ना, भाऊ."

"लिहिलेलं मला दिसतंय. तुम्ही सांगा."

"मी कशी सांगू?"

"तोंडानं. नियम अकरा. स्वमुखाने व स्पष्ट."

निंबा म्हणाला, "सोमा..."

"तू गप. तू कायद्यानं अज्ञान आहेस."

रांगेत मागे उभे असलेले एक म्हातारे आबा पुढे आले. "साहेब, बाईमाणूस घरधनीनं नाव लेस का कधी? मी सांगस. तिना घरवालानं नाव सोमा शे. मना गावना शे तो."

"तुम्ही पालक आहात का?"

"नही."

"मग रांगेत उभे राहा."

मी हातातली पत्रकं खाली ठेवली. पण काशिनाथपंत थांबणाऱ्यांतले नव्हते. पालकाला नियम समजले की नाही याची तोंडी खात्री करायची असाही एक नियम होता. तो चौदावा.

"बरं, ते राहू द्या. फी कोणत्या वारी भरायची ते सांगा. आत्ता वाचून दाखवलं."

फी महिन्याच्या पहिल्या सोमवारी भरायची होती. तापीबाई म्हणाल्या, "आयतवारना दुसरा दिन."

"म्हणजे कोणता?"

"मंगळवारना आदला दिन."

"बाई, वाराचं नाव घ्या!"

"आज जो वार शे, तोच तो."

रांग हसली. काशिनाथपंतांनी हेडमास्तरांच्या खोलीकडे पाहून मोठ्याने सांगितलं, "साहेब, या बाईला वारसुद्धा येत नाहीत."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नवरा सोमा. वार सोमवार. लग्न झाल्यापासून ही बाई आठवड्यातला एक दिवस वळसा घालून काढत आली होती. बाजार, उपास, पेरणी, सगळं तिनं त्या वाराचं नाव न घेता निभावलं होतं. आणि आम्ही, दोन पदवीधर आणि एक हेडक्लार्क, तिला वार शिकवायला बसलो होतो.

हेडमास्तर बाहेर आले. मी म्हटलं, "साहेब, नवऱ्याचं नाव न घेण्याची चाल आहे. तुम्हालाही ठाऊक आहे. दाखल्यावरून लिहून घेऊ."

"चाल घरी. हे ऑफिस आहे."

"नियम मी लिहिलाय, साहेब. तो शब्द माझा आहे. चुकीचा आहे."

"शब्द उत्तम आहे. तुम्ही लिहिलेल्यांपैकी तो एकच मला आवडलाय."

तापीबाई इतका वेळ खाली बघत होत्या. आता त्यांनी पदराआडून विचारलं, "तुमना घरनी बाई तुमले नाव लिसनी हाका मारस का, साहेब?"

या वेळी रांग नुसती हसली नाही, तिच्यातल्या एकाने टाळीसाठी हात पुढे केला. हेडमास्तरांचे कान लाल झाले. ते काशिनाथपंतांना एवढंच म्हणाले, "पालकास माहीत नाही असं दिसतं. तसं लिहा."

आणि काशिनाथपंतांनी तसं लिहिलं.

बाप अज्ञात म्हणजे प्रवेश अपुरा, तेव्हा मुलाचा कागद 'तपासणीत' म्हणून बाजूला पडला. तापीबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या. मी पाणी नेऊन दिलं. म्हटलं, "अक्का, निंबाच्या बापाला निरोप धाडता येईल का?"

"सावदाले निरोप जाई, तो येई, तवलोंग तुमनं दार उघडं ऱ्हाई का?"

नसतं राहिलं. पाच वाजता बंद. मुलगा पायरीवर बसून पितळी घंटेकडे पाहत होता.  

अडीचच्या सुमाराला फाटकाशी मोटार थांबली. पन्नास पावलांचा नियम बैलगाडीला होता, मोटारीला नव्हता. रावसाहेबांच्या पत्नी उतरल्या, धाकट्या मुलाला घेऊन. रावसाहेब मुंबईला गेले होते. काशिनाथपंत उभे राहिले. खुर्ची आली, खुर्चीवर रुमाल फिरला. काशिनाथपंतांनी रजिस्टर उघडलं आणि काही न विचारता नव्या रकान्यात रावसाहेबांचं नाव लिहायला टाक टेकवला.

मी रजिस्टरावर हात ठेवला.

"काशिनाथपंत, नियम अकरा."

"अहो, हात काढा! शाई लागेल."

"लागू द्या. पालकाने स्वमुखाने व स्पष्ट."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "कसला नियम?"

मी सूचनापत्रक वाचून दाखवलं.

"अगंबाई! ह्यांचं नाव? इथं? चारचौघांत?"

हेडमास्तर धावत आले. "छे छे, वहिनीसाहेब, तुमची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी?" मी विचारलं. "रावसाहेबांची तसबीर हॉलमध्ये आहे म्हणून? सोमा पाटलाचं नाव दाखल्यावर होतंच की." आणि व्हरांड्याकडे बोट केलं. "त्या बाई सकाळी अकरापासून बसल्यात. त्यांच्या मुलाच्या बापाला आम्ही अज्ञात केलंय. त्यांनीही हेच म्हटलं होतं, अगंबाई सोडून."

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी व्हरांड्याकडे पाहिलं, मग हेडमास्तरांकडे पाहिलं, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"नाव सरळच घ्यावं असं लिहिलंय का? की उखाण्यात चालेल?"

"चालेल, चालेल!" हेडमास्तर म्हणाले. "उत्तम चालेल."

बाईंनी पदर सावरला.

"रुप्याच्या तबकात विड्याची पानं, विनायकरावांचं नाव घेते शाळेच्या मानानं."

"वा!" काशिनाथपंत म्हणाले आणि भराभर लिहिलं. हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या संपायच्या आत मी व्हरांड्यात पोचलो होतो.

"अक्का, उठा. उखाण्यात चालतं. साहेबांनी आत्ता साऱ्यांदेखत सांगितलं."

"मंग सकायपासून का नही सांगं?" असं म्हणत तापीबाई उठल्या, टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि पदर कपाळापर्यंत मागे सारला. आवाज असा काढला की वर्गातले मास्तर दारात आले.

"सावदानी केळी भरी आगगाडीना डबामा, सोमा पाटीलनं नाव लिधं साहेबना दाबामा!"

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रावसाहेबांच्या पत्नी मात्र खुर्चीत मागे रेलून डोळ्यांत पाणी येईतो हसल्या.

हेडमास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि काशिनाथपंतांना लिहायची खूण केली.

"वार राहिला," काशिनाथपंत पुटपुटले.

"लिखी ल्या," तापीबाई म्हणाल्या. "तोंड तं बाटनंच शे आते. सोमवार!"

निंबाला प्रवेश मिळाला. पाच वाजायला बराच अवकाश होता.

इथे गोष्ट संपली असती तर मी हे लिहायला बसलो नसतो. 'अज्ञात' हा शब्द खोडायचा तर इन्स्पेक्टरची सही हवी, आणि सही मागायची तर घडलेलं सांगायला हवं. ते हेडमास्तरांना नको होतं. म्हणून त्या शब्दावर नुसती तांबडी रेघ ओढली आणि बाजूला बारीक अक्षरात शेरा मारला : 'सोमा, आईने उखाण्यात सांगितल्यावरून.' रेघेखालचा शब्द अजून स्वच्छ वाचता येतो. निंबा शाळा सोडेल तेव्हा जो कोणी त्याचा दाखला उतरवील, तो आधी तो शब्द वाचील, मग शेरा वाचील, मग निंबाच्या तोंडाकडे पाहील. माझ्या दोन शब्दांची ही कमाई.

मला मेमो मिळाला. मेमो म्हणजे लेखी कानउघाडणी. कारण : 'रजिस्टरावर हात ठेवणे.'

मी एवढंच शिकलो, की नियमाला शोभा आणू नये. शोभेचा शब्द कागदावर राहत नाही. तो जाऊन कोणाच्या तरी गळ्यात अडकतो, आणि तो गळा लिहिणाऱ्याचा नसतो.

येत्या टर्मचं सूचनापत्रक तयार झालं आहे. या खेपेला मला बोलावलं नाही. पण प्रूफ मी पाहिलंय. घंटेला आता दोरी आल्याची बातमी आहे. बरण्या रिकाम्याच आहेत. आणि अकराव्या नियमात दोन वाक्यांची भर पडली आहे : 'उखाण्यात सांगितलेले नाव ग्राह्य धरले जाणार नाही. व्यवस्थापक मंडळाच्या कुटुंबीयांस हा नियम लागू नाही.'

तुमचं मूल आमच्या शाळेत असेल तर हा कागद चार-आठ दिवसांत तुमच्या घरी येईल. खाली सहीची जागा असेल. घाईत सही करू नका. तुमच्या घरातल्या बाईला शेजारी बसवा, अकरावा नियम तिला मोठ्याने वाचून दाखवा आणि तिच्या तोंडाकडे बघा. मग त्या नियमावर आडवी काट मारा, काट मारलेल्या कागदावरच सही करा, सही येत नसेल तर अंगठा उठवा, आणि तोच कागद मुलाच्या हाती शाळेत परत धाडा. एकाचा आला तर ते फाडून टाकतील. सगळ्यांनी धाडा.