दोन छाप्यांचा रुपया

भाच्याच्या साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, डोमाजी अकोल्याहून अमरावतीला गेला. वेळ अकराची दिली होती, म्हणजे पाहुणे एक वाजता येणार, हे वऱ्हाडात कुणाला सांगावं लागत नाही. शेजारच्या सभागृहावर 'जुन्या नाण्यांचे प्रदर्शन, प्रवेश मोफत' अशी पाटी होती आणि आत पंखे फिरत होते. डोमाजी पंख्यासाठी आत शिरला. आणि तिसऱ्याच टेबलावर, काचेखाली, त्याला आपला रुपया दिसला.

आपला म्हणजे स्वतःच्या हातानं बनवलेला! दोन्ही बाजूंना सिंह. आकडा नाही, साल नाही. दोन्ही बाजू दिसाव्यात म्हणून खाली आरसा, आणि शेजारी चिठ्ठी: 'टाकसाळीची अतिदुर्मिळ चूक. किंमत अठरा हजार.' डोमाजी वाकून बघत राहिला. एका सिंहाच्या कानाशी बारीक ओरखडा होता. तोच तो.

डोमाजी जुन्या शहरातला लेथवाला. चाळीस वर्षं जिनिंगच्या मशिनींचे शाफ्ट खरादले. हात असा की केसाएवढा फरक बोटांना कळायचा. पण बोलायला मुलखाचा भित्रा, आणि सगळ्यात जास्त भ्यायचा तो मायला.

मैनाबाईचं काय सांगावं, राजेहो! भाजीबाजारात बसायची. गिऱ्हाइकानं दिलेला प्रत्येक रुपया दगडावर आपटून बघायची. खणकन वाजला तर चंचीत, बद्द वाजला तर गिऱ्हाइकाच्या पायाशी. "तुह्या घरीच ठेव हा," म्हणायची. घरातले निकालही असेच रोखठोक. सून मनकर्णा चांदूर बाजारची. सण आला की मैनाबाई चंचीतून एक ठेवणीतला रुपया काढायची, उंच उडवायची आणि फरशीवर पडू द्यायची. हातात झेलणं तिला लबाडी वाटायची.

"छापा पडला तं जाय माहेरी. काटा पडला तं राह्य."

लग्नाच्या पहिल्या वर्षी लागोपाठ तीनदा काटा पडला. मनकर्णा रडली नाही की भांडली नाही. सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसली, आणि जुडी संपली तरी नुसत्या काड्याच चिवडत बसली. ते काही डोमाजीला बघवलं नाही.

एक्क्याऐंशी सालच्या दिवाळीआधी त्यानं जेवणाच्या सुट्टीत दोन रुपये लेथवर चढवले. एकाची काट्याची बाजू वाटीसारखी कोरली, दुसऱ्याचा छापा पातळ कापून तिच्यात दाबून बसवला. टूल एकदाच निसटलं, तो ओरखडा राहिला. माय अंघोळीला गेल्यावर चंचीतला रुपया बदलला. वाटलं, जसा काही बँकेवर दरोडाच घातला!

त्या दिवाळीला छापा. संक्रांतीला छापा. पुढं अकरा वर्षं छापाच. "पोरगी लय नशीबवान हाय," मैनाबाई गल्लीत सांगायची. मनकर्णा बांगड्या भरून माहेरी जायची, येताना संत्री आणायची. काय दिवस होते ते! अख्ख्या घराला संत्र्यांचा वास यायचा.

पण डोमाजीच्या मनाला ते लागून राहिलं. बायकोसाठी आपण मायला फसवलं. मैनाबाई शेवटच्या आजारात होती तेव्हा तो तिला चमच्यानं पेज पाजायचा. सांगू सांगू म्हणता पुढचा चमचा भरायचा. ती गेली. चंची उघडून पाहिली तर रुपया नव्हता. आजारात तिनं तो नाण्यांच्या डब्यात टाकला होता, आणि पुतण्या पिंटूनं तो डबाच भंगारात देऊन टाकला होता. तेव्हा डोमाजी दिवसभर जेवला नाही.

आणि आज तोच रुपया विकत घ्यायला गीतांजली नावाची एक शिक्षिका टेबलापाशी उभी होती. पैसे द्यायला तिनं मोबाईल काढला होता. विक्रेता स्वप्निल तिला रंगवून सांगत होता, "मॅडम, टाकसाळीत लाखात एकदा होते असं!"

गप्प राहावं तर ही पोरगी लुबाडली जाते आणि रुपया कायमचा जातो. बोलावं तर बेचाळीस वर्षांची चोरी चारचौघांत उघडी पडते.

"बाई, थांबा," तो म्हणाला. "हा टाकसाळीत नाई झाला. माह्या लेथवर झाला."

"काका, प्रमाणपत्र हाय याचं," स्वप्निल चिडला.

"असन. मंग आपटून दाखव."

गीतांजलीही म्हणाली, "हो, दाखवा ना." सगळे बघत होते, स्वप्निलचा नाइलाज झाला. डोमाजीनं आधी खिशातला साधा रुपया फरशीवर टाकला. खणकन वाजला. मग स्वप्निलनं काचेखालचा काढून टाकला.

बद्द!

गीतांजलीनं मोबाईल पर्समध्ये ठेवला. स्वप्निलचं तोंड एवढंसं झालं. पण डोमाजीचं त्यांच्याकडं लक्षच नव्हतं. हा आवाज? दगडावर रुपया आपटून ज्या बाईनं जन्म काढला, तिच्यासमोर हा रुपया अकरा वर्षं असाच पडत होता?

"न्या हो काका तुमचा रुपया," स्वप्निल हात जोडून म्हणाला. डोमाजीनं आपला खरा रुपया काचेवर ठेवला आणि तो उचलला. साक्षगंधाचं जेवणही न करता त्यानं अकोल्याची बस धरली.

मनकर्णा गुडघे दुखतात म्हणून घरीच होती, सांबार निवडत होती. त्यानं सगळं सांगितलं, पहिल्यांदाच, अडखळत. ती काड्या खुडत ऐकत होती.

"सासूबाईले पयल्याच दिवाळीले कयलं होतं," ती म्हणाली. "मले स्टँडवर सोडाले आल्या, तवा म्हणे, माह्या पोराले वाटते मायचे कान गेले. वाटू दे. बायकोसाठी एवढी मेहनत केली त्यानं, त्याले सांगू नोको, लाजून मरन."

"अन् तू बी सांगितलं नाई मले? बेचाळीस वर्सं?"

"शपथ घातली होती त्यायनं."

डोमाजी रडला. सदुसष्ट वर्षांचा बाप्या, लेकरासारखा हुंदके देऊन रडला. बोटांतून रुपया सुटला, फरशीवर बद्दकन पडला.

मनकर्णानं वाकून पाहिलं.

"छापा पडला, अजी," ती म्हणाली. "दिवाळीले भावाकडे जातो मी."