नागपूरची दगडी करंजी

आता तुमच्यापासून काय लपवू? नागपूरच्या भरल्या सभेत माझी जी फजिती झाली, तशी वैऱ्याचीही होऊ नये!

झालं असं, का माझ्या भाच्याचा, सुधीरचा, नागपूरहून भंडाऱ्याले फोन आला. आवाज तुटून राहिला होता. "मावशी, आमच्या मंडळात करंज्यांच्या इतिहासावर कार्यक्रम आहे. दहा मिनिटं बोलशील?"

करंज्या? अन् मी नाही म्हणू? चार दिवस टिपणं काढली. मैदा किती, मोहन किती, सारणात खसखस कवा आली! एसटीनं नागपूर गाठलं.

माझ्या आधी टाय लावलेले एक गृहस्थ बोलून राहिले होते. माईक नुसता खरखरे.

"पूर्वी चौकाचौकात दगडी करंजी होती," ते म्हणाले. "टांग्याचे घोडे तिथंच तोंड घालत. पुढं रंगीत दिवे लागले. आता आत नुसतं शेवाळ!"

शेवाळ? सारणात?

मी बाजूच्या बाईले कोपरानं ढोसलं. "काहो, तुमच्या इथं लोकं हे खातेत?"

"खातेत? अहो, पोरंसोरं घेऊन पाहाले येतेत!"

नुसतं पाहतेत! अरेरे, एवढी उपासमार!

माझं टाळकंच फिरलं. नंबर आला तशी माईक धरून गरजली, "नागपूरकरांनो, दगडी करंजी तुम्हालेच लखलाभ! आमची भंडाऱ्याची कशी खुसखुशीत असते!"

सारे टुकूटुकू पाहून राहिले. मागून एक आजोबा उठले. "बाई, तिचं पाणी किती उंच उडते?"

"पाणी? पाणी राहिलं तर तेल उडते, छतापर्यंत! माझ्या नणदेची भुवई अजून उगवली नाही!"

हॉल हसून हसून फुटला ना! सुधीर धावत आला, कानात ओरडला, "मावशी, करंजी नाही! कारंजी! का-रं-जी! चौकातले फवारे!"

"मग फवारे म्हण ना मेल्या! भंडाऱ्यात कारंजं कोण म्हणते?"

हेही माईकवरच. लोकं खुर्चीवरून खाली पडाचे बाकी होते.

टायवाल्या गृहस्थांले माझी दया आली. डोळे पुसत म्हणाले, "असू द्या बाई, एका कान्याचाच तर फरक! तुम्ही करता काय?"

"शाळेतून रिटायर झाली."

"वा! काय शिकवत होत्या?"

धरणीमाय, आता तरी पोटात घे!

"मराठी," मी म्हणलं. "शुद्धलेखन."