मुकादमाचा चहा

जव्हारच्या बाहेर, मोखाड्याकडे रस्ता वळतो तिथे पत्र्याची एक शेड आहे. त्या शेडमध्ये हॉटेल काढून बुडालेल्यांत आमचा नंबर चौथा. पहिल्याने खानावळ काढली, दुसऱ्याने चायनीज, तिसऱ्याने मिसळ. सगळ्यांनी दसऱ्याला नारळ फोडला आणि पुढच्या पावसाच्या आत कुलूप लावलं. पाटी बदलायची, गत तीच.

हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही, अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण कारण विचारलं की जो तो एकच सांगायचा, जागा बाधते. मिसळवाल्यानेही आम्हाला तेच सांगितलं, अगदी मनापासून. जागेवर खापर फोडलं की माणूस नामानिराळा राहतो. मग आम्ही भगताला बोलावलं. त्याने तांदळाचे दाणे मांडून पाहिले आणि म्हणाला, "जागा भुकेली हाय. आधीच्यांनी तिला काय दिलाच नाय." आम्ही कोंबडा दिला आणि निश्चिंत झालो. मिसळवाल्यानेही कोंबडा दिला होता, हे फार उशिरा कळलं.

माझा नवरा ठाण्याच्या एका हॉटेलात अनेक वर्षं कढईपुढे उभा राहिलेला. हॉटेलाची कल्पना त्याची, पण हट्ट माझा. आमच्याकडे जमीन कधीच नव्हती. माझी आई दर दिवाळीनंतर आम्हा पोरांना घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. प्रत्येक पुस्तक मी दिवाळीपर्यंतच शिकले. पुढची पानं कशी असतात ते मला माहीत नाही. लग्नानंतर नवरा ठाण्याला आणि मी भट्टीवर, असेच दिवस गेले. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा मी ठरवलं, हिचं वर्ष मध्येच तुटू द्यायचं नाही. हॉटेल चाललं असतं तर भट्टी सुटली असती. त्यापलीकडे मला त्या हॉटेलातून काहीच नको होतं.

दसऱ्यापासून आमचे हात पुरेनात. फाट्यावर माणसंच माणसं. साखरशेतची, पोशेऱ्याची, पार खोडाळ्याकडची. बायका, तान्ही पोरं, टोपलीत कोंबड्या. नवरा वडे तळत होता, मी चहा गाळत होते. दिवाळी संपल्यावरही काही दिवस तसेच गेले आणि मी त्या कोंबड्याचे मनोमन आभार मानले.

तो चहा कोण पाजत होतं, ते समोर असून मला दिसलं नाही. मुकादम पाजत होते. भट्टीवाल्यांचे मुकादम दसऱ्यापासूनच पाड्यापाड्यांतून माणसं फाट्यावर आणतात आणि ट्रक येईपर्यंत त्यांना चहा-वडा देतात, दुसऱ्याच्या गाडीत जाऊन बसू नयेत म्हणून. मी स्वतः तोच चहा पीत तिथे उभी राहिलेली बाई. पण कढईच्या अलीकडे आलं की डोळे बदलतात. गाव सोडून निघालेली माणसं मला गिऱ्हाईक वाटली.

शेवटचा ट्रक गेला आणि फाटा ओस पडला. पाड्यांवर म्हातारी माणसं आणि कुत्री उरली. एसटी जव्हारच्या स्टँडवरच थांबून आलेली असायची, फाट्यावर कोण उतरणार? नवरा तरी रोज तेल तापवायचा, आणि वडे आम्हीच खायचो. ओळखीचे लोक हसून म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. माझं डोकं फिरायचं. नाचायला त्याला उत्तम येत होतं, बघायलाच कोणी उरलं नव्हतं.

शिमग्याला माणसं घरी आली, सण करून पुन्हा भट्टीवर गेली. पुन्हा फाट्यावर तीच गर्दी, तोच मुकादम, तोच चहा. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तसा नाय. कोंबडा कमी पडला. दसऱ्याला बकरा देऊ." पावसाच्या आधी आम्ही शेड बंद केली. जूनमध्ये मी म्हटलं, मुलीला आश्रमशाळेत घालू, तिथे राहील तरी. तर नवरा म्हणे, दसऱ्याला हॉटेल उघडल्यावर पोरगी जवळ हवी. खूप भांडले, आणि शेवटी गप्प बसले. मलाही ती जवळच हवी होती.

दसऱ्याला शेडच्या मालकाने ती जागा दुसऱ्याच नवरा-बायकोला दिली.

दिवाळीनंतर आम्ही तिघं बोचकी घेऊन फाट्यावर उभे राहिलो. मुकादमाने आमचाही चहा सांगितला. नवी हॉटेलवाली ग्लास घेऊन आली, तिने मला ओळखलं. "बाय, तुमचा हॉटेल कसा नाय चालला? इथं तं मानसांना उभा राहाला जागा नाय."

"ही मानसां आज जातील," मी म्हटलं. "मंग शिमग्यापरत कोन नाय येत. हा चहा मुकादमाचा हाय, बाय. आमचा पन मुकादमाचाच होता."

तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. "आमी जागेचा नीट करून घेतलाय. बकरा दिलाय." मग आत जाऊन तिने एक गरम वडा आणला आणि माझ्या मुलीच्या हातात ठेवला, स्वतःकडून. इतकी चांगली बाई, तिच्यावर रागावताही येईना. माझा नवरा मात्र बकऱ्याचं ऐकून तोंड फिरवून उभा राहिला.

ट्रकमध्ये मुलीने विचारलं, "परीक्षेला येऊ ना आपण?"

मी हो म्हटलं. परीक्षा शिमग्यानंतर असते, तेव्हा भट्टी चालूच असते, हे तिलाही माहीत होतं.

भट्टीवर थापलेल्या विटा एका अंगाने सुकल्या की पलटाव्या लागतात. वीट आतून ओलीच असते, जोर लागला की कोपरा मोडतो, म्हणून ते काम लहान हातांचं. मला आईने शिकवलं होतं, मी मुलीला शिकवलं. तिच्या शाळेतल्या बाई मला नेहमी सांगायच्या, ह्या पोरीला एकदा दाखवलं की पुरतं. तिथेही एकदाच दाखवावं लागलं.