हेल्मेटातला जावई

धोंड्याच्या महिन्यात रविवारी घरात बसावे लागू नये, हे कारभारी निकमने मोटारसायकल घेण्यामागचे खरे कारण होते. बायकोला त्याने वेगळेच सांगितले. "पोरगी नांदायला गेली. आता हौस करायची नाही तर कधी?" सारजा म्हणाली, "करा की. मी कुठं धरून ठेवलंय?" आणि तिने गाडीच्या हँडलला हळदकुंकू लावले.

अधिक महिना तीन वर्षांनी येतो, त्यालाच आपल्याकडे धोंडा म्हणतात. त्या महिन्यात लेक-जावयाला बोलवायचे, शेजारी शेजारी बसवायचे आणि पुरण भरलेले धोंडे तूप घालून खाऊ घालायचे. कारभारीची सासुरवाडी पिशोरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याची एक वाडी. लग्नानंतरचे पहिले दोन धोंडे तो तिथे राजासारखा जेवला. तिसऱ्या धोंड्याला धाकट्या मेहुणीचा नवरा रामकिसन आला होता. नवा जावई, तहसिलीत नोकरी, अंगात सफारी. त्याला दुपारची एसटी गाठायची होती. सासूबाई, वच्छलाबाई, चुलीपुढून घाईने "बसा, बसा" म्हणाल्या, आणि रामकिसन समोर दिसला त्या पाटावर बसला. तो पाट देवघराजवळचा होता. पहिला. थोरल्या जावयाचा.

कारभारी दुसऱ्या पाटावर बसला खरा, पण घास त्याच्या हातातच राहिला. वाढलेल्या ताटावरून तो उठला आणि उंबऱ्याबाहेर जाऊन म्हणाला, "या गावचं पाणी पिणार नाय."

असे शब्द माणूस रागात बोलतो आणि मग कोणी समजूत काढायला येते का, याची वाट बघत बसतो. रुसलेल्या जावयाकडे तीनदा माणूस धाडायचा, दोनदा त्याने नाही म्हणायचे, तिसऱ्यांदा निघायचे, ही रीत. मेहुणा बन्सी नारळ घेऊन एकदा आला. पुन्हा एकदा आला. दोन्ही वेळा कारभारीने त्याला चहा पाजला आणि मान हलवली. तिसऱ्यांदा कोणी आलेच नाही. तिकडे त्यांना वाटले, माणूस खरोखरच तुटला. इकडे याला वाटले, आपली किंमत दोन नारळांची.

त्यावर पाच धोंडे गेले. धोंड्यातल्या दर रविवारी कारभारी इस्त्रीचा शर्ट घालून पेपर घेऊन बसे आणि फाटक वाजले की चष्मा काढी. दूधवाला असे, नाहीतर शेजारचे कोणी. सारजा एकटीच माहेरी जाऊन येई, आणि आल्यावर एवढेच म्हणे, "आई विचारत होती." सासरे वारले तेव्हा कारभारी गेला. खांदा दिला, माती दिली आणि तांब्याला हात न लावता तिथूनच शहरात परतला. त्या रात्रीपासून सारजाने "आई विचारत होती" म्हणणेही सोडले.

असा हा माणूस. वाळूजच्या कारखान्यात सगळे त्याला मऊ म्हणून ओळखत. कोणाला नाही म्हणणे त्याच्या जिवावर येई. तरुणपणी तिथल्याच एका प्रेसखाली त्याच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी गेली होती. लग्नात बायकांनी तिच्यावरून त्याची फार चेष्टा केली, आणि तो लाजून हसत राहिला होता.

औषधांचे दुकान चालवणाऱ्या केशवने रविवारी कच्च्या रस्त्यांवर गाड्या घेऊन जाणाऱ्यांचा एक गट जमवला होता. सात-आठ गाड्या. गटाचा नियम एकच, एकट्याने कोणी मागे फिरायचे नाही. कारभारी सगळ्यांत वयस्कर आणि सगळ्यांत सावकाश, म्हणून त्याला शेवटची जागा मिळाली. पुढचा कोणी पडला तर उचलायचा, कोणाची गाडी अडली तर थांबायचे. ही जागा त्याला आवडली. मागे राहणाऱ्याला कोणी विचारत नाही.

त्या वर्षी धोंडा श्रावणात आला. रविवारी फुलंब्रीवरून पिशोर आणि डांबरी रस्त्यानेच पुढे डोंगरापर्यंत, असे ठरले होते. सासुरवाडी रस्त्याच्या आत बरीच दूर, म्हणून कारभारी निर्धास्त होता. पिशोरला चहा पिताना कळले की पुढच्या पुलावरून पाणी चालले आहे.

"बरं झालं," केशव फोन पुढे करत म्हणाला. "खरी मजा कच्च्यातच. ही बघा पाणंद. शेतांमधून जाऊन डोंगराला निघते."

कारभारीने नकाशावर आपल्या सासुरवाडीचे नाव वाचले आणि फोन परत दिला. "काळी आहे ती. पावसात काळीत गाडी घालू नाय."

"काका, घाबरलात?"

"घाबरायचं काय त्यात? मी इथून मागं फिरतो. तुम्ही या."

"अहो, नियम आपलाच ना! तुम्ही फिरलात तर सगळे फिरणार."

बाकीचे हातात कप घेऊन त्याच्याकडे बघत होते. काय सांगायचे त्यांना? पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने, की मला एकदा दुसऱ्या पाटावर बसवले होते? कारभारीने हेल्मेट घातले, पट्टा आवळला आणि काच खाली ओढली. वाडी येईल आणि जाईल. डोक्यावर हे असताना कोण ओळखतो?

पाणंदीच्या दोन्ही बाजूंना कपाशी उभी होती. पहिल्या वळणानंतर ओल्या काळ्या मातीने चाके धरायला सुरुवात केली. बाकीच्यांच्या गाड्यांचे मडगार्ड उंच होते. कारभारीचे चाकाला लागून, चकचकीत. काळीत जाताना ते आधी काढून ठेवायचे असते, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही. पण त्याला स्क्रूवर ओरखडे नको होते. माती चाक आणि मडगार्ड यांच्यात भरत गेली, घट्ट होत गेली, आणि एका कडुलिंबाच्या झाडाखाली चाक फिरायचेच थांबले. कारभारीने जोर लावला. क्लचचा जळका वास आला आणि गाडी जागच्या जागी गुरगुरून बंद पडली.

त्याने मान वर केली. समोर दगडी ओटा, पत्र्याचा गोठा, निळा दरवाजा. सगळ्या पाणंदीत गाडीला अडायला हेच दार सापडले होते.

"आलो, आलो!" म्हणत एक माणूस विळा घेऊन गोठ्यातून बाहेर आला. बन्सी. कानाजवळ पांढरा झालेला. "काळीनं धरलं का पाव्हणं? ती धरती तं सोडत नाय."

कारभारीने हेल्मेटाची काच बोटाने आणखी खाली दाबली.

पुढे गेलेल्या गाड्या परतल्या. सगळे लिंबाखाली उतरले, हेल्मेटे काढून ओट्यावर मांडली. ऊन पडले होते आणि पावसानंतरचा उकाडा असा, की उभ्या जागी अंग भिजावे. हेल्मेटात कारभारीचा श्वास त्याच्याच तोंडावर येत होता. काचेवर वाफ धरली. घामाची धार भुवईवरून डोळ्यात उतरली आणि पुसायला हात आत जाईना.

"काका, काढा की ते," केशव म्हणाला. "उकडून मराल."

"कान दुखतोय," कारभारी आतून पुटपुटला. "वारं लागू द्यायचं नाय. डॉक्टरनं सांगितलंय."

"कोणत्या डॉक्टरनं? औषध कुठलं दिलंय?"

हा औषधवाला, हे कारभारी विसरलाच होता. तो खाली बसून काडीने चाकातली माती उकरू लागला. हातमोजे चिखलाने घसरत होते, म्हणून ते काढून त्याने खिशात कोंबले.

निळा दरवाजा उघडला. वच्छलाबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या. वाकल्या होत्या, पण पाऊल ठाम. एकेकाला पाणी देत त्या कारभारीपुढे येऊन थांबल्या. पितळी तांब्याचे काठोकाठ पाणी त्याला धुक्यातून दिसावे तसे दिसत होते. घसा इतका कोरडा पडला होता की गिळताना आवाज आला. त्याने हात हलवून नको म्हटले.

"का रे बाबा? आमचं पाणी कडू हाय का?"

तो मान खाली घालून माती उकरत राहिला.

"मुका हाय का ह्यो?" वच्छलाबाईंनी विचारले.

"नाही हो आजी, कान दुखतोय त्यांचा," केशव म्हणाला.

"कान दुखतो आन् तोंड झाकतो. असं बी असतं म्हना शहरात."

सगळे हसले. बन्सी मात्र हसला नाही. तो शेजारी बसून विळ्याने माती काढत होता आणि त्याचा हात थांबला होता. तो कारभारीच्या डाव्या हाताकडे बघत होता, अर्ध्या करंगळीकडे. मग त्याने उरलेली माती दोन खेपांत ओरबाडून टाकली, विळा लिंबाला अडकवला आणि आईला खांद्याला धरून घरात नेले.

आपण ओळखलो गेलो, हे कारभारीला कळले. आता पळावे तर गाडी अडलेली, चालत जावे तर गट सोडणार नाही, हेल्मेट काढावे तर समोर तोच उंबरा. आणि घालून बसावे तर किती वेळ?

आतून भांड्यांचे आवाज आले. पाट सरकवल्याचा आवाज आला. तो आवाज कोणता हे त्याला न बघता कळले.

वच्छलाबाई दारात आल्या. "हातपाय धुवा रे पोरांनो. धोंड्याचा महिना हाय. दारातलं माणूस उपाशी धाडू नाय. काल रामकिसन जोडीनं येऊन गेला, पुरण हाय शिल्लक."

पोरे आनंदाने आत गेली. कारभारी शेवटी, नेहमीसारखा, उंबऱ्याशी येऊन थांबला. ओसरीत पाट मांडले होते. देवघराजवळच्या पाटाभोवती ताजी रांगोळी होती. पुढारी म्हणून केशव तिकडे वळला.

"तू नको, लेकरा," वच्छलाबाई म्हणाल्या. "तिथं त्या टोपलेवाल्याला बसू दे. समद्यात थोरला त्यो हाय."

"तुम्हाला काय कळलं आजी? तोंड तर दिसत नाही."

"इतका वेळ टोपल्यात बसायचं म्हंजी थोरल्याचंच काम. बारक्यात कुठं एवढा दम?"

कारभारीचा पाय उंबऱ्यावर होता. हेल्मेट काढायचे, तर सारजाच्या एकटीच्या एवढ्या खेपा कशासाठी झाल्या? त्या माणसाच्या मातीवरून आपण कोरड्या ओठांनी का फिरलो? एका पाटासाठी. इतकी वर्षे तो पाट त्याला ओट्याएवढा मोठा वाटत होता. आता समोर होता तो हातभर लाकडाचा तुकडा, एका कोपऱ्याला चिरलेला.

बन्सी जवळ आला. हळूच म्हणाला, "दाजी, दोनदा मी आलतो. तिसऱ्या खेपंला तुम्हीच आलात. आता नारळ कोणी कोणाला द्यायचा, ते सांगा."

कारभारीने पट्ट्याला हात घातला. पट्टा सुटेना. चिखल वाळून गाठीसारखा झाला होता. "सुटत नाय रे," तो म्हणाला. आवाज आतल्या आत घुमला.

"वढ रं बन्सी," वच्छलाबाई म्हणाल्या. "पर कान संभाळ. दुखतोय म्हनं."

केशवने मागून धरले, बन्सीने पट्टा सोडवून ओढले, आणि हेल्मेट निघाले. घामाने केस कपाळाला चिकटलेले, डोळे लाल. वच्छलाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"वाळलात," एवढेच म्हणाल्या आणि तांब्या पुढे केला.

"मामी..." कारभारी म्हणाला. त्याने तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि खाली ठेवला तेव्हा तो रिकामा होता.

मग तो पहिल्या पाटावर बसला. सगळ्यांच्या ताटात तुपात बुडालेले धोंडे पडले. त्याच्या ताटात भाकरी आणि पिठले.

"मामी, आन् मला?"

"धोंडा जोडीनं खायाचा असतो, जावईबापू. माझी लेक कुठाय?"

केशवचा घास हातात राहिला. "जावई? काका, तुम्ही इथले जावई?"

"आता झालो," कारभारी म्हणाला आणि पिठल्याचा घास घेतला.

गाडी चालू होईना. क्लच पुरता जळला होता. बन्सीने ती गोठ्यात बैलांशेजारी उभी केली आणि म्हणाला, "पिशोरहून मिस्त्री आणतो." कारभारी किल्ली काढून त्याला देऊ लागला, तेवढ्यात वच्छलाबाईंनी ती मधल्यामध्ये घेतली आणि कनवटीला खोचली.

"माझ्या लेकीला घेऊन या," त्या म्हणाल्या. "मंग गाडी न्या."

तो केशवच्या मागे बसून शहरात परतला. वाटेत केशवने एकेक खड्डा जपून चुकवला. एन-नऊ वसाहतीतल्या आपल्या घरापाशी उतरला तेव्हा दिवेलागण झाली होती. सारजा फाटकात आली. चिखलाने माखलेला नवरा दिसला आणि मागे रस्ता रिकामा.

"अगं बाई! गाडी कुठंय?"

"आहे."

"पडलात का?"

"नाय. अडकलो होतो."

ती आत जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आली. "घ्या आधी. ओठ बघा."

"नको," कारभारी पायरीवर बसत म्हणाला. "पिऊन आलो."

"कुठं?"

तो बुटांची नाडी सोडत राहिला. "किल्ली तुझ्या आईच्या कनवटीला आहे. जोडीनं आल्याशिवाय देत नाय म्हणतात."

तांब्या हातात तसाच धरून सारजा उभी राहिली आणि थोड्या वेळाने ते पाणी तिनेच उभ्या उभ्या पिऊन टाकले. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "उद्या रजा मिळंल का तुम्हाला?"