डावीकडे बघणारा नंदी

सोलापूरच्या सराफ बाजारात रेवणशेटच्या पेढीवर एक उर्मट रिवाज होता. पेढीचा नंदीछाप असलेला डाग, म्हणजे दागिना, कुणी मोडायला आणला, तर तो कसोटीवर घासायचा नाही. नंदी बघायचा, वजन करायचं आणि दर सांगायचा. मग आणणारी बाई मैंदर्गीची असो की मोहोळची, डाग तिचा असो की तिच्या आजेसासूचा. बाजारातले बाकीचे सराफ सख्ख्या सासऱ्यानं दिलेलं सोनंही घासून बघत, आणि त्यात त्यांचं काही चुकतही नव्हतं. पण रेवणशेटकडे कसोटीचा काळा दगड लाल फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलेला असे, आणि तो गिऱ्हाइकाला दिसेल अशाच जागी असे. बघा, आम्हाला याची गरज पडत नाही, एवढंच त्याचं काम.

या रिवाजाचा खरा मालक रेवणशेट नव्हे, कुंडलिक पोतदार. निदान त्याची स्वतःची तशी ठाम समजूत होती. कुंडलिक घडणीत बेताचाच. त्याच्या हातची नथ जन्मात कधी सरळ बसली नाही, आणि पेढीवरचे कारागीर त्यावरून त्याला छळत. पण छाप मारावा तो त्यानंच. तयार डाग आतल्या खोलीत त्याच्यापुढे यायचा. तो स्वतः कस लावायचा, तेजाबाचा थेंब टाकायचा, उजेडाला धरून बघायचा, आणि मन भरलं तरच ठसा टेकवून एक हातोडी मारायचा. आत एकदा घासलं की बाहेर जन्मभर घासायचं नाही, असं त्याचा बाप धोंडीराम म्हणायचा. पेढीचा पहिला ठसाही धोंडीरामानंच कोरलेला. लग्नाच्या पंगतीत जेवताना कुंडलिकचं लक्ष ताटात कमी आणि वाढणाऱ्या बायकांच्या गळ्यात जास्त असे. त्याची बायको मथुराबाई शरमेनं अर्धी व्हायची. "लोकं काय म्हनतील?" ती घरी येऊन भांडायची. "नंदी बघत हुतो," तो म्हणायचा, आणि खरंच तो नंदीच बघत असे.

मग एकतीस साली विलायतेत कुणी काय केलं कोण जाणे, सोनं असं चढलं की बायका पेढीवर यायच्या त्या फक्त मोडायला. घडवायला कुणी येईना. कारागीर सकाळपासून पानं चघळत बसू लागले. वर्षभर असं चाललं, तेव्हा रेवणशेट मुंबईला जाऊन आले आणि आल्या आल्या कुंडलिकला समोर बसवलं.

"आता तांब्याचं करायचं. वर सोन्याचा पातळ पत्रा. सरी, पाटल्या, बोरमाळ, सगळं. तिकडं बड्या बड्या पेढ्या तेच करतायत."

"शेट, लोकास्नी फसवायचं?"

"फसवायचं कुणी म्हणतंय? तांब्याचं म्हणूनच विकायचं. पाटी लावून."

"मग नंदी कशाला पायजे त्यावर?"

रेवणशेट हसले. "अरे, नंदीसाठीच तर घेणार! नुसतं तांबं काय, तांबट आळीत बी मिळतं की."

कुंडलिक दोन दिवस जेवला नाही, म्हणजे घरी जेवला नाही. पेढीवर चार वेळा चहा प्यायला. तिसऱ्या दिवशी त्याला एक तोड सुचली आणि तिच्यावर तो फार खूश झाला. पत्र्याच्या डागासाठी त्यानं वेगळा ठसा कोरला. तोच नंदी, तीच झूल, फक्त तोंड दुसरीकडे. सोन्यावरचा नंदी उजवीकडे बघणार, पत्र्यावरचा डावीकडे. रेवणशेटनं हरकत घेतली नाही. का घेतील? इतक्या बारक्या नंदीचं तोंड कुठं आहे हे बघायला कुणाला सवड?

संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत रेवणशेटनं दुकान मांडलं आणि गर्दी आवरेना. गिरणीत राबणाऱ्या बाया, विणकरांच्या सुना, खेड्यांवरून आलेल्या पोरी. आजवर ज्या पेढीची पायरी चढायला भ्यायल्या, त्या पेढीचा नंदी आता त्यांच्या गळ्यात. अक्कम्मा म्हणून गिरणीतली एक बाई सरी उलटून आतला छाप सगळ्यांना दाखवत होती. तिचा चेहरा इतका फुलला होता की कुंडलिकला क्षणभर वाटलं, आपणच करंटे, हिच्या गळ्यातला नंदी आपल्याला का खुपावा? तो खुपतच राहिला. रोज शंभर शंभर डाग छापायचे, आणि एकालाही कस लावायचा नाही. लावणार काय? तांबंच होतं ते. त्याच्या उजव्या हाताला एक खोड लागली. रिकामा असला की अंगठा तर्जनीवर घासत राही. जेवताना, देवाला बसताना, माणसाशी बोलतानाही. बसल्या जागी त्याला बसवेना. उठून दारात जाई, परत येई, ठसे पुसे, मोजे, दोनच असत.

पुढं व्हायचं तेच झालं. मोहोळच्या एका सराफाकडे कुणीतरी पत्र्याची पाटली सोन्याची म्हणून खपवली. त्या सराफानं नंदीवर भरवसा ठेवला होता. त्यानं निरोप धाडला, की इथून पुढं तुमचा नंदी आम्ही घासल्याशिवाय घेणार नाही. मंगळवेढ्याहूनही तसाच निरोप आला. रेवणशेटनं कुंडलिकला आतल्या खोलीतून उठवून पुढच्या गादीवर बसवलं. डावं-उजवं झटकन ओळखणारा दुसरा होता कोण?

तिथं बसल्यावर तर त्याची झोपच उडाली. समोर बाई येऊन बसली की आधी तिचं तोंड दिसायच्या ऐवजी त्याला नंदीचं तोंड दिसे.

पुढच्या गड्ड्याला केराबाई आली. ही मंगळवेढ्याकडची धनगरीण, साठीची, मेंढरांचा मोठा वाडा राखून असलेली. दरवर्षी जत्रेला आली की पेढीवर घोटभर पाणी पिऊन जायची. धोंडीराम होता तेव्हापासूनचा हा शिरस्ता. या खेपेला तिनं पाणी प्यायल्यावर गळ्यातली सरी काढली आणि गादीवर ठेवली.

"कुंडलिका, ह्ये मोड. दोन सुना हायत्या, दोगींची तोंडं दोन दिशेला. दोगींस्नी सारकी डोरली करून दे, म्हंजे माजं घर ऱ्हाईल."

कुंडलिक हसला. खूप दिवसांनी हसला. त्यानं सरी उचलली, आतली बाजू उजेडाला धरली, आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

नंदी डावीकडे बघत होता.

हातात सरी होती. तिचं वजन तळव्याला कळत होतं. तीस वर्षं सोनं तोललेला तो तळवा साफ सांगत होता, हे सोनं आहे, चोख आहे. एवढं जड तांबं जगात नसतं. पण डोळे म्हणत होते, डावा आहे. गेलं वर्षभर डोळ्यांचंच ऐकायची सवय झालेली. म्हातारीला कुणी बदलून दिली असेल? सुनेनं? त्याचा अंगठा तर्जनीवर घासू लागला. आणि मग तोच हात वर गेला आणि त्यानं फळीवरचा दगड काढला. लाल फडकं सोडताना त्यातून धूळ उडाली. पेढीवर बसलेल्या बाया वळून बघू लागल्या. रेवणशेटनीही मान वर केली.

त्यानं कस लावला. दगडावर पिवळीधमक रेघ उठली. तेजाबाचा थेंब टाकला. रेघ हलली नाही.

केराबाईनं हे सगळं बघितलं. ती रागावली नाही, हेच वाईट झालं.

"तुज्या बाच्या पयल्या ठश्याचा डाग हाय ह्यो," ती म्हणाली. "मी चार-पाच वर्साची आसन, आईच्या मांडीवर हितंच बसले हुते. ठसा कोरताना गडबडीत चुकला, नंदी फिरला. आई म्हनली, दुसरा मारून दे. तर तुजा बा म्हनला, बाई, नंदी उलटा बसलाय, पर सोनं सुलटं हाय. आईनं तसाच नेला, आन् तुज्या बानं त्यो ठसा मोडून नवा कोरला. तीस वर्सं तिनं घातला, मग मी. कुनी घासला न्हाय."

कुंडलिकनं दगड बाजूला सारला. "मावशी, आता लगेच डोरली घडवतो. घडणावळ नको. माजी चूक झाली."

"चूक कशाची? बराबर केलंस की. दिस तसं आलंत." तिनं सरी उचलून पुन्हा गळ्यात घातली. "पर आता हितं मोडायची न्हाय. पलीकडच्या सराफाकडं जाते. त्यो बी घासंल. पर त्यो पयल्यापास्नं घासतोय, त्याचं काय वाटत न्हाय."

ती पायरी उतरून गर्दीत गेली. कुंडलिक अनवाणी बाजाराच्या टोकापर्यंत धावला. जत्रेत हजार बायांची डोकी होती आणि हजार पदर होते. तो घाम पुसत परत आला, तर रेवणशेट म्हणाले, "बरं झालं घासलंस. इथून पुढं सगळ्यांचंच घासत जा, कटकट नको." दगड फळीवर परत गेला नाही. फडकं कुणीतरी तराजू पुसायला घेतलं.

दिवेलागणीला तो घरी आला. मथुराबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. जाळाच्या उजेडात तिच्या गळ्यातल्या मंगळसूत्राच्या वाट्या लकाकत होत्या. त्या धोंडीरामानं सुनेसाठी स्वतः घडवल्या होत्या, मागं नंदी मारून. कुंडलिक तिच्याजवळ उकिडवा बसला. सोनंच होतं ते, त्याच्या बापाच्या हातचं, त्याच्यासमोर वितळवलेलं. हे त्याला स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. तरी त्याचा हात पुढं गेला आणि त्यानं एक वाटी उलटी केली.

मथुराबाईचे पिठाचे हात थांबले. आयुष्यभर ज्या खोडीवरून ती त्याच्याशी भांडली, ती ही नव्हती, हे तिला लगेच कळलं. तिनं त्याच्या बोटांतून वाटी सोडवून घेतली आणि पदराखाली झाकली.

"आता माजं बी घासनार व्हय?" तिनं विचारलं.

तव्यावरची भाकरी करपू लागली होती. कुंडलिकचा अंगठा तर्जनीवर घासत राहिला.